कपाटासाठी केलेली मोजणी

लहान कॉलेजातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन मोठ्या विद्यापीठात जाणारा विद्यार्थी तिथे कच्चा पडू नये, यासाठी त्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कोणती नियतकालिके हवीत? कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजमधल्या पी. एल. के. ग्रॉस आणि ई. एम. ग्रॉस यांच्यापुढे १९२७ साली प्रश्न होता तो एवढाच. पैसा मोजका, कपाटे मोजकी आणि नियतकालिके मात्र दरवर्षी वाढती. विभागातल्या जाणत्या मंडळींना बसवून यादी करून घेणे हा सोपा मार्ग होता. पण अशा यादीत गरजेपेक्षा करणाऱ्याच्या आवडीनिवडीच जास्त उतरतात, असे या दोघांचे म्हणणे पडले. त्यांनी ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’चा १९२६ सालचा खंड समोर घेतला आणि त्यातल्या लेखांनी दिलेला एकेक संदर्भ मोजला. संदर्भ भरले ३,६३३ आणि ते विखुरलेले होते २४७ नियतकालिकांत. नुसती नावे मोजून ते थांबले नाहीत. संदर्भात आलेला लेख कोणत्या काळातला, हेही त्यांनी पाच-पाच वर्षांचे गट पाडून मांडले, कारण चालू अंकांच्या वर्गणीबरोबरच जुने खंड किती मागे जाऊन विकत घ्यायचे हेही ठरवायचे होते. जर्मन नियतकालिकांचा वाटा इतका मोठा निघाला की जर्मन वाचता न येणाऱ्या विद्यार्थ्याचे काही खरे नाही, हे त्या कोष्टकातून आपोआपच दिसले. २८ ऑक्टोबर १९२७ च्या ‘सायन्स’मध्ये हा आटोपशीर लेख आला. संदर्भ मोजून नियतकालिकांची निवड करण्याच्या परंपरेची सुरुवात अभ्यासक बहुधा इथूनच धरतात.

पुढे या मोजणीचे काय झाले ते आज कोणत्याही प्राध्यापकाला सांगावे लागत नाही. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांना मिळणाऱ्या संदर्भांची सरासरी, हा शब्द नेमणुकीच्या मुलाखतीत, बढतीच्या अर्जात आणि अनुदानाच्या प्रस्तावात ठाण मांडून बसला आहे. त्याविरुद्धची तक्रारही आता जुनी झाली, आणि ती सहसा अशा सुरात होते की चांगले हत्यार वाईट हातांत पडले. मला हे निदान अपुरे वाटते. ही मोजणी ग्रंथपालाच्या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्मली आणि त्या प्रश्नाला तिने चोख उत्तर दिले. ते उत्तर चोख का ठरले याचे कारणही ग्रंथालयशास्त्राला फार लवकर कळले होते: संदर्भांची वाटणी कमालीची विषम असते. थोड्या नियतकालिकांकडे बहुतेक सगळे, उरलेल्या असंख्यांकडे चिमूटभर. ही विषमता आहे म्हणूनच मोजक्या पैशात चांगले ग्रंथालय उभे राहते. आणि नेमक्या याच विषमतेमुळे नियतकालिकाच्या सरासरीवरून एखाद्या लेखाची किंवा लेखकाची किंमत काढता येत नाही. ज्या गोष्टीने ही मोजणी कपाटासाठी योग्य ठरली, त्याच गोष्टीने ती माणसासाठी अयोग्य ठरली.

ही विषमता आकड्यांत पहिल्यांदा नीट पकडली ती सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी. ते रसायनशास्त्रज्ञ होते आणि लंडनच्या सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयाचे प्रमुख. लेखांचे सारांश देणारी शेकडो प्रकाशने निघत असूनही वर्षाला प्रसिद्ध होणाऱ्या सुमारे साडेसात लाख लेखांपैकी जेमतेम अडीच लाखांचीच कुठेतरी नोंद होते, असा त्यांचा अंदाज होता. बाकीचे जातात कुठे? २६ जानेवारी १९३४ च्या ‘इंजिनिअरिंग’ साप्ताहिकात त्यांनी याचे उत्तर मांडले. उपयोजित भूभौतिकी या विषयावरचे १,३३२ संदर्भ तपासले तर ते ३२६ नियतकालिकांत पसरलेले निघाले. त्यांतल्या पहिल्या ९ नियतकालिकांनी ४२९ लेख दिले होते. पुढच्या ५९ नी ४९९. आणि उरलेल्या २५८ नी मिळून ४०४. म्हणजे साधारण तेवढेच लेख मिळवायला प्रत्येक टप्प्यावर कितीतरी पट अधिक नियतकालिके चाळावी लागतात. यंत्रांच्या वंगणासारख्या अगदी वेगळ्या विषयावर हाच प्रयोग केला, तर तिथेही तीच घडण दिसली: ८, मग २९, मग १२७. या निरीक्षणाला पुढे ब्रॅडफर्डचा नियम म्हणू लागले.

आता गंमत अशी की स्वतः ब्रॅडफर्ड यांनी या नियमातून काढलेला निष्कर्ष आज बहुतेकांना ठाऊक असलेल्या निष्कर्षाच्या उलटा आहे. त्यांची नजर त्या ९ वर नव्हती, २५८ वर होती. एखाद्या विषयावरचे जवळजवळ एक तृतीयांश लेख त्या विषयाशी वरवर संबंध नसलेल्या नियतकालिकांत दडलेले असतात, तेव्हा केवळ आपल्या विषयाची ठळक नियतकालिके घेऊन बसणारे ग्रंथालय कधीच पूर्ण होणार नाही, हे त्यांना सांगायचे होते. सर्व विज्ञानाची एकत्र, वर्गीकृत सूची हवी, असा त्यांचा आग्रह होता. नियम एकच, पण टोकाकडून वाचला की तो सांगतो ‘शेवटापर्यंत शोधा’, आणि मुळाकडून वाचला की सांगतो ‘पहिले नऊ घ्या, बरेचसे भागेल’. पुढच्या काळाने दुसरे वाचन उचलले, कारण ते खर्चाला परवडणारे होते.

ग्रंथपालांनी हे सगळे डोळे मिटून स्वीकारले असे कोणी समजू नये. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयातल्या एस्टेल ब्रॉडमन यांनी १९४४ साली ग्रॉस पद्धतीलाच परीक्षेला बसवले. शरीरक्रियाशास्त्राची कोणती नियतकालिके महत्त्वाची, असे त्यांनी त्या विभागातल्या प्राध्यापकांना विचारले आणि त्यांची क्रमवारी संदर्भांच्या मोजणीतून निघालेल्या क्रमवारीशेजारी ठेवली. दोन्हींचा मेळ बसला नाही. संदर्भ जितके जास्त तितके नियतकालिक मोलाचे, या पायाभूत गृहीतकालाच पुरावा नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. आणि तरीही, याहून बरी पद्धत हाती येईपर्यंत ही जपून वापरावी, असे सुचवले. म्हणजे पद्धतीच्या मर्यादा ग्रंथालयशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आल्या, तेव्हा इम्पॅक्ट फॅक्टर जन्मालाही यायचा होता. नंतरच्या प्रशासकांना कोणी सावध केले नाही, ही सबब इथेच निकालात निघते.

यूजीन गारफील्ड यांचा प्रवेश होतो तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या वेल्च वैद्यकीय ग्रंथालयात लष्कराच्या वैद्यकीय ग्रंथालयासाठी एक प्रकल्प चालू होता: वैद्यकीय वाङ्मयाची सूची यंत्राने करता येईल का? तिथे काम करताना विषयवार सूचीची जुनी अडचण त्यांना पुरती कळली. सूचीकाराने लेखाला जो विषय लावला, त्याच खणात लेख अडकतो. वाचक दुसऱ्या शब्दाने शोधत आला तर त्याला तो सापडत नाही. वाट दाखवली ती वकिलांच्या एका पुस्तकाने. इलिनॉयमधल्या फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून वकिलांसाठी एक सोय काढली होती. एखाद्या निकालाचा पुढे कोणकोणत्या निकालांत उल्लेख झाला, तो उचलून धरला गेला की फिरवला गेला, याची नोंद डिंक लावलेल्या कागदी पट्ट्यांवर छापून मिळायची आणि वकील ती आपल्या ग्रंथाच्या समासात चिकटवायचे. न्यायालयात उभे राहून रद्द झालेल्या निकालाचा आधार घेण्याची नामुष्की त्यामुळे टळे. पुढे या पट्ट्यांचे ग्रंथ झाले. त्या कंपनीतून निवृत्त झालेल्या विल्यम अडेर यांनी पत्र लिहून गारफील्ड यांचे लक्ष तिकडे वेधले.

१५ जुलै १९५५ च्या ‘सायन्स’मध्ये गारफील्ड यांनी हीच कल्पना विज्ञानासाठी मांडली. एका लेखाचा पुढे कोणी कोणी उल्लेख केला, हे एका ठिकाणी पाहता आले, तर सदोष, कालबाह्य किंवा सरळसरळ खोट्या माहितीचा आंधळेपणाने होणारा पुनरुच्चार थांबेल, हे त्यातले मुख्य कारण. शोधाची सोय आणि चुकांवर पहारा, ही दोन कामे. लेखात पुढे ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ हे शब्दही येतात, पण ते एखाद्या विशिष्ट लेखाचा त्याच्या काळातल्या वाङ्मयावर कसा परिणाम झाला हे पाहू इच्छिणाऱ्या इतिहासकाराच्या संदर्भात. न्यू जर्सीत कोंबड्यांचे खुराडे दुरुस्त करून उघडलेल्या कार्यालयातून गारफील्ड त्या काळात नियतकालिकांच्या अनुक्रमणिका छापून विकत असत. नोबेल मिळवलेले आनुवंशशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५९ मध्ये लेखात मांडलेल्या त्या सूचीचे काय झाले म्हणून विचारणा केली, तेव्हा कामाला गती आली. सरकारी अनुदानातून आनुवंशशास्त्राची सूची झाली, आणि तिच्या पोटातून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’. १९६१ या एका वर्षातली ६१३ नियतकालिके आणि त्यांतले सुमारे १४ लाख संदर्भ पाच खंडांत आले. ते पुढे चालवायला सरकारी संस्थेने पैसे दिले नाहीत, तेव्हा १९६४ पासून गारफील्ड यांनी आपल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायंटिफिक इन्फर्मेशन’ या खासगी कंपनीमार्फत ती सूची स्वतःच्या जबाबदारीवर बाजारात आणली. एका सार्वजनिक गरजेची वस्तू इथे खासगी मालकीची झाली. तेव्हा ते कोणाला खटकले नाही. खटकायला अर्धशतक जावे लागले.

सूची विकायची तर तिच्यात कोणती नियतकालिके घ्यायची हे ठरवणे आले. नुसते संदर्भ मोजले तर वर्षाला हजारो लेख छापणारी अजस्र नियतकालिके वर येणार आणि वर्षाला वीस-पंचवीस मोलाचे परीक्षणलेख देणारी लहान नियतकालिके तळाला जाणार. त्यावर तोड म्हणून गारफील्ड आणि त्यांचे सहकारी आयर्विंग शेर यांनी साधा भागाकार काढला, तोच इम्पॅक्ट फॅक्टर: गेल्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले संदर्भ, भागिले त्या दोन वर्षांतले लेख. दोनच वर्षे का, तर जीवरसायनशास्त्रासारख्या वेगाने धावणाऱ्या विषयांत संदर्भांचा जोर तेवढ्यात येऊन जातो. गणितात, इतिहासात किंवा भाषाशास्त्रात लेखाला वाचक मिळायलाच दोन वर्षे लागतात, पण तो काही त्या वेळचा प्रश्न नव्हता. गारफील्ड यांनी १९७२ साली पुन्हा ‘सायन्स’मध्येच जे आकडे दिले ते ब्रॅडफर्ड यांच्या नियमाला दुजोरा देणारे होते: साऱ्या संदर्भांपैकी २४ टक्के फक्त २५ नियतकालिकांकडे, निम्मे १५२ कडे आणि तीन चतुर्थांश ७६७ कडे. एका विषयाचे लांबच लांब शेपूट म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी विषयाचा गाभाच असतो, म्हणून हजारभर नियतकालिके नीट निवडली तर सगळे विज्ञान कवेत येते, असा त्यांचा दावा होता. वर्गण्यांचे दर चढत असताना कोणते नियतकालिक बंद करावे या विवंचनेत असलेल्या ग्रंथपालांना हे मोलाचे होते. १९७५ च्या आकड्यांपासून ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्‌स’ हा नियतकालिकांच्या क्रमवारीचा खंड सूचीसोबत मिळू लागला, तो मुख्यतः याच गिऱ्हाइकासाठी.

नेमक्या त्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, ‘सायन्स’ने संदर्भ-विश्लेषण हे विज्ञानाच्या प्रशासकांच्या हाती आलेले नवे साधन असल्याची बातमी दिली. प्रश्न बदलला तो इथे. ‘काय विकत घेऊ?’ याचे ‘कोणाला बढती देऊ?’ झाले. आकडा तोच राहिला, आणि तो तयार, स्वस्त व छापील असल्यामुळे प्रश्न बदलल्याचे फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. खरे तर धोक्याची खूण दहा वर्षे आधीच छापलेली होती. सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवत असताना रॉयल सोसायटीच्या जुन्या खंडांच्या दशकवार चळती भिंतीशी लावून विज्ञानाच्या वाढीची वक्ररेषा पाहिलेले डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६५ मध्ये दाखवले होते की कोणत्याही एका वर्षात आजवरच्या लेखांपैकी सुमारे ३५ टक्क्यांचा कुठेच उल्लेख होत नाही आणि ४९ टक्क्यांचा एकदाच होतो. जिथे वाटणी इतकी एकतर्फी, तिथे सरासरी कोणाचीच नसते.

हे हिशेबाने पाहू. नॉर्वेच्या पेर सेग्लेन यांनी १९९७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलेल्या प्रमाणानुसार नियतकालिकातले १५ टक्के लेख निम्मे संदर्भ घेऊन जातात आणि वरचे निम्मे लेख ९० टक्के. समजा, एका नियतकालिकात १०० लेख आहेत आणि त्यांना मिळून १,००० संदर्भ मिळाले. सरासरी १०. पण त्यांतल्या १५ लेखांनीच ५०० संदर्भ पटकावले आणि तळच्या ५० लेखांच्या वाट्याला मिळून १०० आले, म्हणजे लेखागणिक २. बढतीच्या अर्जात मात्र त्या पन्नासांतला प्रत्येक जण १० च्या नियतकालिकात छापलेला म्हणून मिरवणार. ही कल्पित अडचण नाही. ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘ए’ विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये २.०५१ होता, २००९ मध्ये तो ४९.९२६ झाला. संपादक तेच, कस तोच. फरक एवढाच की स्फटिकांची रचना शोधणाऱ्या संगणकीय आज्ञावलीबद्दल जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये तिथे लिहिलेल्या एकाच लेखाला साडेसहा हजारांहून अधिक संदर्भ मिळाले होते. ती आज्ञावली वापरणारा प्रत्येक जण तो लेख नोंदवत असे. ग्रंथपालाच्या दृष्टीने इथे काहीच बिघडले नाही. त्याच्या वाचकांना तो लेख हवाच होता आणि वर्गणी वसूल झाली. पण त्याच वर्षी त्या नियतकालिकात शेजारी छापून आलेल्या लेखकाच्या गुणवत्तेबद्दल हा पन्नासाचा आकडा काय सांगतो?

यावर एक आक्षेप असा येतो की दोष वापरणाऱ्यांच्या माथी मारून गारफील्ड यांना मोकळे सोडता येत नाही. सूची विकायला त्यांनाच नवे गिऱ्हाईक हवे होते. आक्षेपात तथ्य आहे. प्राध्यापकांच्या मूल्यमापनात संदर्भांचा उपयोग कसा करावा, यावर त्यांनी स्वतः लिहिले आहे आणि त्यातून कंपनीचा फायदा होत नव्हता असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांनी सुचवलेले मूल्यमापन त्या माणसाच्या स्वतःच्या लेखांना मिळालेल्या संदर्भांवर उभे होते, आणि तेही जाणकारांच्या वाचनाला जोड म्हणून. नियतकालिकाचा भागाकार उचलून माणसाला चिकटवण्याविरुद्ध त्यांनी पुढे वारंवार बजावले. अणुऊर्जेप्रमाणे हेही वरदान निर्भेळ नाही, अशी कबुलीही दिली. ते बजावणे उशिराचे आणि काहीसे मवाळ होते, हे मान्य. शेवटी विकणारा आपल्या मालाच्या मर्यादा किती मोठ्याने सांगणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे आणि आपल्याकडे तो मनापासून केला जातो. आकडे नकोत, तर मग काय? वशिला? जाणकारांचे मत म्हणजे पुष्कळदा जाणकारांच्या गोतावळ्याचे मत असते, आणि बाहेरच्या माणसाला, लहान गावच्या कॉलेजातल्या शिक्षकाला, बाईला आकडा हाच आधार वाटू शकतो. याला पुरावाही आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाने कायम न केलेल्या एका महिला जीवरसायनशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात न्यायालयात धाव घेतली, तेव्हा आपल्या लेखांना मिळालेले संदर्भ बढती मिळालेल्या पुरुष सहकाऱ्यांपेक्षा जास्त आहेत, हाच तिचा एक मुद्दा होता. विद्यापीठ खटला जिंकले ते सोडा. ग्रॉस यांनी प्राध्यापकांच्या आवडीनिवडींवर दाखवलेला अविश्वास आणि या बाईंचा मुद्दा मुळात एकाच जातीचे आहेत, आणि दोन्ही रास्त आहेत. पण त्या खटल्यात आकडा हा साक्षीदार होता. त्याची उलटतपासणी होऊ शकत होती. तो तिच्या स्वतःच्या लेखांचा आकडा होता. नियमावलीत बसलेला आकडा साक्ष देत नाही, तो निकालच देतो, आणि देतो तो परक्या सरासरीवरून. शिवाय वशिल्याची वाट तो बंद करतो असेही नाही. सामाजिक शास्त्रांतल्या संशोधकांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे पाचांतल्या एकाने सांगितले की आमच्या नियतकालिकाचे संदर्भ वाढवा, असा दबाव संपादकांनी आणला होता. आकडा आला की वशिला आकड्यात शिरतो.

भारतात ही कथा आणखी वेगळ्या वळणाने गेली. इथे मोजणीची कल्पना परकी नव्हती. गणिताचे अध्यापक असलेले आणि मग मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ साली इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पा इथल्या परिषदेत ‘लायब्रमेट्री’ हे नवे शास्त्र सुचवले होते. ग्रंथालयाचा कारभार संख्याशास्त्राच्या मदतीने सुधारावा, ही त्यामागची कल्पना, आणि केंद्रस्थानी वाचक. दिल्लीत १९५२ मध्ये ‘इन्सडॉक’ ही वैज्ञानिक प्रलेखन संस्था स्थापन झाली आणि १९५४ मध्ये तिथून रंगनाथन यांच्या संपादनाखाली ‘ॲनल्स ऑफ लायब्ररी सायन्स’ निघू लागले. पुढे संदर्भांची मोजणी हा आपल्या ग्रंथालयशास्त्र विभागांत पीएच. डी.चा लाडका विषय झाला. इतरांच्या संशोधनाची मापे काढणारे हे शास्त्र स्वतःही त्याच मापाखाली येणार होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या शैक्षणिक कामगिरीचे ‘एपीआय’ गुणांकन आणले. संशोधनलेखाला गुण ठरले आणि त्यावर शिडी लावली गेली: सूचीबद्ध नियतकालिक असेल तर ५ गुण जास्त, इम्पॅक्ट फॅक्टर १ ते २ असेल तर १०, २ ते ५ असेल तर १५, ५ ते १० असेल तर २५. फिलाडेल्फियातल्या कंपनीने अमेरिकी ग्रंथालयांच्या वर्गण्यांसाठी काढलेला भागाकार परभणीच्या कॉलेजातल्या मराठीच्या प्राध्यापकाच्या वेतनवाढीशी जोडला गेला तो असा. मराठी साहित्यावर मराठीत लिहिलेल्या लेखाला तो आकडा मिळणेच अशक्य, कारण जिथे मोजदाद होते तिथे मराठी त्रैमासिके नाहीतच. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची एकहाती करून १९४३ मध्ये छापली. तसल्या कामाला या शिडीवर पायरीच नव्हती. २०१८ च्या नियमावलीत शिडी टिकून राहिली, उलट तिला वर एक पायरी वाढली, आणि इम्पॅक्ट फॅक्टर गारफील्ड यांच्या सूचीचा पुढचा मालक झालेल्या थॉमसन रॉयटर्स कंपनीच्या यादीवरून पाहावा असे लिहिले गेले. त्या कंपनीने हा व्यवसाय २०१६ मध्येच विकून टाकला होता. कोणाला पत्ता नव्हता, की गरज वाटली नाही?

जिथे आकड्याला पगार आहे तिथे आकड्याचा बाजार लागतोच. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके आणि त्यांना बनावट इम्पॅक्ट फॅक्टर विकणारी दुकाने २०१० च्या दशकात बोकाळली. त्यांची यादी ठेवून जगाला जागे करणारा माणूसही ग्रंथपालच होता: कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर शाखेतले जेफ्री बील. आयोगाने उपाय म्हणून २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली, तीही ३० हजारांहून मोठी. तिच्यात विद्यापीठांनी सुचवलेली नावेही होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या या नावांतून निवडलेली आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय सूच्यांत नसलेली १,००९ नियतकालिके तपासली. त्यांचा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. ३४.५ टक्क्यांना पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे अशा प्राथमिक गोष्टीच धड नव्हत्या, आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटी माहिती दिली होती. त्यात इम्पॅक्ट फॅक्टरचे खोटे दावेही आले. एकंदर ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके हलक्या प्रतीची असावीत, असे त्यांनी लिहिले. आयोगाने मे २०१८ मध्ये ४,३०५ नावे वगळली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘केअर’ ही नवी व्यवस्था जाहीर केली. नियतकालिके तपासण्याचा तिचा कक्ष पुणे विद्यापीठातच बसला आणि जून २०१९ पासून तिची यादी सुरू झाली. भारतीय भाषांतल्या नियतकालिकांना तिच्यात जागा होती, हे तिचे श्रेय द्यायलाच हवे. कोणीतरी बसून नियतकालिक उघडून पाहत होते. ब्रॉडमन यांनी १९४४ मध्ये प्राध्यापकांना विचारले, त्याच्या जवळ जाणारे हे काम.

मोजणीच्या शास्त्रातच त्या सुमाराला उठाव झाला होता. जानेवारी २०१९ मध्ये ‘जर्नल ऑफ इन्फॉर्मेट्रिक्स’ या संदर्भ-विश्लेषणाला वाहिलेल्या नियतकालिकाच्या संपूर्ण संपादक मंडळाने राजीनामा दिला. भांडण एल्सव्हिअर या प्रकाशकाशी, आणि एक मुख्य मुद्दा असा की लेखांखालच्या संदर्भयाद्या सर्वांना खुल्या करायला प्रकाशक तयार नव्हता. संदर्भ लिहितो लेखक, फुकट. तो मोजून विकते कंपनी. आणि विकत घेते ते त्या लेखकाच्याच विद्यापीठाचे ग्रंथालय. १९६४ मध्ये न खटकलेली गोष्ट इथे खटकली. मंडळाने ‘क्वांटिटेटिव्ह सायन्स स्टडीज’ हे नवे, सर्वांना खुले नियतकालिक काढले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अनुदान आयोगाने ‘केअर’ यादी बंद केल्याचे जाहीर केले. नियतकालिक पारखण्याचे काही निकष त्याने सुचवले आहेत आणि निवडीची जबाबदारी विद्यापीठांकडे सोपवली आहे. त्या १,००९ नियतकालिकांची नावे सुचवली होती तीही विद्यापीठांनीच.